‘रिमेन इन लाइट’ पुन्हा ऐकायचा तर लाइव्ह रेकॉर्डिंगच्या वाटेने

टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडचा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम ऑक्टोबर १९८० मध्ये आला. आठ गाणी, जेमतेम ४० मिनिटं. रॉकमधल्या ‘न्यू वेव्ह’ प्रवाहाच्या कुठल्याही यादीत तो असतो, त्यामुळे ‘आपण हा ऐकलाय’ असं वाटून तो बाजूला पडतो. हा अल्बम लाइव्ह रेकॉर्डिंगच्या शेजारी ठेवून ऐकला तर पहिल्या ऐकण्यात निसटलेलं फार काही हाती लागतं. त्याचं कारण तो ज्या रीतीने तयार झाला त्यात आहे.

बहामामधल्या नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत बँडच्या चौघांनी निर्माता ब्रायन ईनोबरोबर लांबलचक तालाचे तुकडे टेपवर भरले. तयार गाणी हातात नव्हती. एकेक वादक एकच छोटी आकृती मिनिटामागून मिनिट वाजवत राहायचा. यंत्राने पुन्हापुन्हा वाजवलेला तुकडा इथे नाही, सगळं हाताने. मग मिक्सरवर (भरलेले आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) एक भाग उघडायचा, दुसरा बंद करायचा आणि त्यातून कडवं, ध्रुवपद, भराव असे आकार काढायचे. बहुतेक गाण्यांत कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलतच नाही. फेला कुटीच्या नायजेरियन वाद्यवृंदाचं वेड ईनो आणि बँडचा गायक डेव्हिड बर्न या दोघांना होतं, ते इथे स्पष्ट ऐकू येतं. स्टुडिओत मिक्सरवरच्या हाताने केलेलं काम मंचावर मात्र माणसांना करावं लागलं: केव्हा थांबायचं, केव्हा शिरायचं, कोणी जागा सोडायची. लाइव्ह ऐकताना कान द्यायचा तो या गोष्टीकडे.

कोणती रेकॉर्डिंग घ्यायची

तीन पुरतात. पहिलं ‘द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स’, १९८२ चा दुहेरी लाइव्ह अल्बम. याची आवृत्ती नीट बघून घ्या. मूळ एलपीत ‘रिमेन इन लाइट’मधली तीनच गाणी आहेत: ‘हाउसेस इन मोशन’, ‘द ग्रेट कर्व्ह’ आणि ‘क्रॉसआइड अँड पेनलेस’. २००४ च्या वाढीव दोन सीडींच्या आवृत्तीत ‘वन्स इन अ लाइफटाइम’ आणि ‘बॉर्न अंडर पंचेस’ यांची भर पडून पाच होतात. आपल्याला ही २००४ ची हवी. तिची दुसरी सीडी आपल्या कामाची. पहिलीत १९७७ ते १९७९ चा चौघांचाच बँड आहे. तीही एकदा ऐकून घ्या, म्हणजे पुढे किती माणसं वाढली आणि त्यांनी काय बदललं याचा अंदाज येतो.

दुसरं, रोममधल्या डिसेंबर १९८० च्या कार्यक्रमाचं चित्रीकरण. ते राय या इटालियन सरकारी दूरचित्रवाणीने केलं होतं. तिसरा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’, कॉन्सर्टचा सिनेमा. दिग्दर्शक जोनाथन डेमीने डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात हा चित्रित केला आणि तो १९८४ मध्ये पडद्यावर आला. इथेही आवृत्तीचा सापळा आहे. सिनेमातल्या गाण्यांच्या १९८४ च्या एलपीत नऊच गाणी, तीही कातरलेली. ‘क्रॉसआइड अँड पेनलेस’ त्यात नाही. १९९९ च्या आवृत्तीत सोळा गाणी आहेत, २०२३ च्या आवृत्तीत अठरा. १९९९ किंवा त्यानंतरचीच घ्या.

तिन्ही एका जातीची नाहीत, हे ध्यानात असू द्या. १९८२ चा अल्बम वेगवेगळ्या कार्यक्रमांतून वेचलेला आहे. त्याच्या मोठ्या बँडच्या (चौघांत पाहुणे वादक-गायक मिळवून वाढवलेल्या) भागात ऑगस्ट १९८० चं न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, नोव्हेंबरमधलं न्यू जर्सी आणि फेब्रुवारी १९८१ चं टोकियो आहे. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ अनेक रात्रींच्या चित्रीकरणातून जोडलेला. सलग एका संध्याकाळचा दम कसा टिकतो हे बघायचं असेल तर रोमकडेच जावं लागतं.

आणखी एक तारीख. मोठा बँड पहिल्यांदा मंचावर आला तो २३ ऑगस्ट १९८० ला टोरंटोजवळच्या हीटवेव्ह महोत्सवात, आणि चार दिवसांनी सेंट्रल पार्कमध्ये. तेव्हा अल्बम दुकानात यायला महिना-दीड महिना बाकी होता. समोरच्या श्रोत्यांनी ही गाणी आधी मंचावर ऐकली, नंतर अल्बमवर. म्हणून लाइव्ह आवृत्ती ही मूळ गाण्याची नंतरची नक्कल आहे असं गृहीत धरू नका. १९८० साली दोन्ही जवळजवळ एकाच वेळी घडत होतं.

ऐकण्याची मांडणी

फोनच्या स्पीकरवर हा उद्योग करू नका. बेसचा (खर्जातल्या गिटारीचा) खालचा भाग त्यातून जवळजवळ येतच नाही आणि या अल्बमचा अर्धा जीव बेसमध्ये आहे. साधे तारेचे हेडफोन चालतील. इक्वलायझर सपाट ठेवा. ‘स्पेशियल’ किंवा ‘थ्री-डी’ आवाज, शफल आणि क्रॉसफेड बंद करा. कोणतं वाद्य डावीकडे, कोणतं उजवीकडे हे आपल्याला लागणार आहे आणि स्पेशियल आवाज नेमकं तेच पुसून टाकतो.

आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय तुलना करू नका. दोन रेकॉर्डिंगमध्ये थोडासा जरी फरक असला तरी मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि मग ‘लाइव्हमध्ये जोर आहे’ हा निष्कर्ष निव्वळ आवाजाच्या बटणातून आलेला असतो. स्ट्रीमिंग ॲपमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा. स्वतःच्या फाइली असतील तर प्लेअरमध्ये रिप्लेगेन ‘ट्रॅक’वर लावा. दोन्ही नसेल तर गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत हाताने जुळवा. तालवाद्यांवरून जुळवू नका, कारण ड्रमचा तोल दोन्हीकडे वेगळा असतो.

पूर्ण अल्बम आणि मग पूर्ण कॉन्सर्ट असं ऐकून तुलना होत नाही. चाळीस मिनिटांपूर्वीचा बेस कोणाच्याही ध्यानात राहत नाही. एका वेळी एकच गाणं घ्या. अल्बमवरचं एकदा सलग, लाइव्ह एकदा सलग, आणि मग तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे आलटून पालटून. पाच गाण्यांना पाच संध्याकाळी द्या, प्रत्येकी तासभर. वहीत गाण्यागणिक एवढंच टिपा: बेस कोणती आकृती वाजवतोय, ती कुठे थांबते, कोण कोणत्या मिनिटाला शिरतं, आणि अल्बमवर असलेलं काय लाइव्हमध्ये नाही.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल बदलण्याची पट्टी आणि ‘मोनो’चं बटण असतं. ती फार कामाची आहे. पट्टी पूर्ण डावीकडे नेऊन एकदा, पूर्ण उजवीकडे नेऊन एकदा ऐका. एकमेकांत गुंतलेल्या दोन गिटारी अशाच सुट्या होतात. तरीही गुंता सुटला नाही तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये आठ-दहा सेकंदांचा तुकडा निवडून, सूर न बदलता, वेग ७५ टक्क्यांवर आणा आणि फिरत ठेवा. सध्या वाद्यं वेगळी काढून देणारी ॲप मिळतात. ती बेस, ड्रम आणि गायन ठीक सुटे करतात, पण तीन गिटारी आणि दोन कीबोर्ड एकाच गठ्ठ्यात टाकतात. या अल्बमची गंमत नेमकी त्या गठ्ठ्यात आहे, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका.

वेगाचा एक घोटाळा आधीच ओळखून ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. जुन्या पॅल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर तो २५ ने चालवला जायचा, म्हणजे चार टक्के जलद, आणि सूर सुमारे ७० सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा (१०० सेंट) थोडा कमी. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ची अशी प्रत हाती आली तर बँड उगाच घाईत वाटेल. टीव्हीवरून उतरवून पुन्हापुन्हा नकललेल्या प्रतींतही टेपचा वेग सरकलेला असू शकतो. तपासायला तानपुऱ्याचं ॲप उत्तम: गाणं एकाच सुरावर उभं असल्याने तानपुरा त्याखाली बिनधास्त लावता येतो. सिनेमाच्या सीडीवरच्या गाण्याला तानपुरा जुळवा, मग तोच तानपुरा न हलवता डीव्हीडीवरचं तेच गाणं लावा. सूर वर गेला असेल तर प्रत जलद आहे. अल्बम आणि कॉन्सर्ट यांच्यात मात्र ही चाचणी लावू नका, मंचावर बँड वेगळ्या सुरात वाजवू शकतो.

सम सापडली की निम्मं काम झालं

तबला ऐकत वाढलेल्या कानाची इथे एक हमखास चूक होते. वजन समेवर असणार, ही सवय. रॉक आणि फंकमध्ये स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठसठशीत आघात चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. कान त्या जोरदार आघाताला सम समजतो आणि पुढचं सगळं एका मात्रेने सरकतं. म्हणून आधी स्नेअर धरा, त्यावर टाळी द्या आणि तिला ‘दोन’ आणि ‘चार’ म्हणा. ‘चार’नंतरची मात्रा ही सम.

‘वन्स इन अ लाइफटाइम’वर हे करून बघाच. वेग मिनिटाला साधारण ११७ मात्रा. पंधरा सेकंदांत टाळ्या-पाय मिळून एकोणतीसच्या आसपास मोजले जातील. या गाण्यात खुद्द ईनोला सम वेगळ्याच मात्रेवर ऐकू येत होती, तिसऱ्या मात्रेला तो पहिली धरत होता, आणि दोन्ही समजुती गाण्यात राहून गेल्या. अल्बमवर कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते ती यामुळे. लाइव्हमध्ये ख्रिस फ्रान्ट्झचा ड्रम जास्त ठाम आहे आणि टीना वेमथचा बेस लेहऱ्यासारखा अखंड फिरत राहतो. त्याला धरून ठेवलं तर वर कोणीही कितीही आडवंतिडवं बोललं तरी सम सुटत नाही. आधी लाइव्हमध्ये सम पक्की करा, मग अल्बमवर या. उलट क्रमाने कठीण जातं.

पाच गाणी

‘बॉर्न अंडर पंचेस’ सर्वांत आधी घ्या आणि रोमचं चित्रीकरण लावा. एरवी चित्र बंद ठेवून ऐकण्याची शिफारस आम्ही करतो, डोळे कानाचं काम बळकावतात म्हणून. इथे उलट करा. मंचावर दोन बेस आहेत, वेमथ आणि बस्टा जोन्स. अल्बमवर एकाच प्राण्याचे वाटणारे आवाज दोन माणसांत वाटलेले दिसले की कानालाही ते कायमचे वेगळे ऐकू येऊ लागतात. एक खाली जमीन धरतो, दुसरा तारा खेचून तडातडा बोलतो. मग चित्र बंद करून अल्बम लावा. अल्बमवर मध्येच बिघडलेल्या यंत्रासारखा टिवटिवणारा भाग येतो, तो पाहुणा गिटारवादक एड्रियन बिल्यूची गिटार आहे. कीबोर्ड समजून बहुतेक जण ते सोडून देतात. रोममध्ये तो माणूस ते कसं काढतो हे बघितल्यावर पुन्हा कधी गल्लत होत नाही.

‘क्रॉसआइड अँड पेनलेस’ तिन्ही ठिकाणी मिळतं, म्हणून तुलनेला सर्वांत सोयीचं. अल्बमवर ते पहिल्या क्षणापासून धावतं. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्ये सुरुवात संथ आहे, मग ताल एकदम उघडतो. त्या उघडण्याच्या क्षणी कोणतं वाद्य पहिलं शिरतं ते टिपा. अल्बमवरच्या मिक्सरच्या हाताची ही मंचावरची जागा. गाण्यातला बोलल्यासारखा भागही तिन्हीकडे ऐका. बर्न तालाच्या किती मागे-पुढे राहतो ते दरवेळी बदलतं आणि बँड तसूभरही हलत नाही. सिनेमात हे शेवटचं गाणं. तोपर्यंत जवळजवळ न दाखवलेला प्रेक्षकवर्ग डेमी इथे दाखवतो.

‘द ग्रेट कर्व्ह’वर सर्वांत जास्त वेळ द्या. अल्बमवर हे सहा मिनिटं अठ्ठावीस सेकंदांचं, सर्वांत लांब आणि आमच्या मते या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ. एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गायनाच्या ओळी एकमेकींवरून जातात. अल्बमवर त्या टेपच्या थरांनी रचल्या आहेत, बर्नचा आवाज स्वतःवरच चढवलेला आहे. मंचावर एका गळ्यातून दोन ओळी निघत नाहीत, त्यामुळे डोलेट मॅकडोनल्ड, नोना हेंड्रिक्स आणि वाजवता वाजवता गाणारे वादक यांच्यात त्या वाटाव्या लागल्या. पद्धत अशी: पहिल्या वेळी फक्त बायकांच्या आवाजांमागे जा. दुसऱ्या वेळी फक्त बर्न. तिसऱ्या वेळी गायन सोडून स्टीव्ह स्केल्सच्या हातवाद्यांकडे. चौथ्या वेळी काहीच धरू नका. चौथ्या वेळी गाणं अचानक रुंद वाटतं. मग बिल्यूच्या गिटारीकडे या. अल्बमवर तिला ठरलेल्या चौकटीत बसवलंय. लाइव्हमध्ये ती फीडबॅकने किंचाळते, चौकट ओलांडते, आणि खालची आठ-नऊ माणसं तिला सावरून धरतात. रोममध्ये हेच शेवटचं गाणं आहे. हातवाद्यं वाजवणारे हात कार्यक्रमाच्या शेवटी किती थकलेले असतील ते मनात ठेवून ऐका.

‘हाउसेस इन मोशन’मध्ये अल्बमवर जॉन हॅसलचा तुतारीपेक्षा श्वासाला जवळचा ट्रंपेट आहे. या मंचांवर हॅसल नाही. त्याची जागा कोण भरतं आणि कुठे ती मोकळीच सोडली आहे, एवढं शोधा. बाकी हे गाणं पटकन उरकतं.

‘वन्स इन अ लाइफटाइम’ २००४ च्या सीडीवरचं आणि सिनेमातलं, अशी जोडी लावा. मध्ये जेमतेम तीन वर्षं, पण बँड वेगळा. बिल्यू नाही, अॅलेक्स वेअरची गिटार आहे, मागे लिन मॅब्री आणि एडना होल्ट गात आहेत. १९८० मधला कडेला जाऊन पडण्याचा धोका गेलाय, त्याऐवजी भरीव, स्वच्छ घडण आली आहे. कोणती आवडावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमचा कौल या गाण्यापुरता सिनेमाला, कारण बर्नी वॉरेलचे कीबोर्ड तिथे मोकळे ऐकू येतात. सिनेमात कॅमेरा बराच काळ बर्नवरून हलत नाही, त्यामुळे वादक कमी दिसतात. म्हणून इथे आधी डोळे मिटून, मग चित्रासह.

उरलेली तीन

‘सीन अँड नॉट सीन’, ‘लिसनिंग विंड’ आणि ‘द ओव्हरलोड’ ही गाणी वरच्या तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये कुठेही नाहीत. शोधत बसू नका. एलपीची दुसरी बाजू जसजशी पुढे जाते तसतसे वादक एकमेकांशी बोलायचे थांबतात. या तिघांतलं पहिलं गाणं म्हणजे तालावरचं बोलणं, शेवटचं म्हणजे जवळजवळ घरघर. मंचावर वाटून घेण्यासारखं त्यांत थोडं आहे.

ती प्रत्यक्ष मैफलीत ऐकायची तर फिश या अमेरिकन बँडकडे जा. ३१ ऑक्टोबर १९९६ ला अटलांटामध्ये त्यांनी अख्खा ‘रिमेन इन लाइट’ क्रमाने वाजवला, सोबत सांताना बँडचा तालवादक कार्ल पेराझ्झो आणि फुंकवाद्यं घेऊन. ‘लाइव्ह फिश’ मालिकेच्या पंधराव्या भागात तो अधिकृतपणे मिळतो. त्यांची पद्धत गाणं ताणत नेण्याची असल्याने पहिल्या पाच गाण्यांसाठी तो आधी लावू नका, कान बिघडतो. शेवटच्या तिघांसाठी मात्र थेट लावा. ‘लिसनिंग विंड’मध्ये आवाज कुठून कुठे उडी मारत नाही, एकाच रुंदीवर चालत राहतो, तो संयम प्रत्यक्ष वाजवताना किती कष्टाचा आहे ते तिथे कळतं.

ज्यांना सुटे भाग बघायचे आहेत त्यांनी अल्बमच्या २००६ च्या आवृत्तीतले चार अपुरे तुकडे ऐकावेत: ‘फेलाज रिफ’, ‘युनिसन’, ‘डबल ग्रूव्ह’ आणि ‘राइट स्टार्ट’. शेवटच्यात ‘वन्स इन अ लाइफटाइम’चं शब्दांआधीचं रूप आहे. पाच गाणी झाल्यावर ऐका, आधी ऐकलं तर ते नुसते कच्चे आराखडे वाटतील.

पश्चिम आफ्रिकेकडून हे सगळं परत कसं दिसतं, त्यासाठी बेनिनची आंजेलिक किजो. २०१८ साली तिने हा पूर्ण अल्बम नव्याने गायला. तो स्टुडिओतला असला तरी आपल्या कामाचा आहे, कारण फेला कुटीचा ड्रमवादक टोनी ॲलन त्यात आहे. १९८० मध्ये दुरून उसना घेतलेला ठेका इथे मूळ हातात ऐकू येतो. ‘क्रॉसआइड’ लागोपाठ दोन्ही ऐका आणि फक्त हाय-हॅटकडे (ड्रमसेटमधल्या, पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांकडे) कान द्या.

शेवटी, हवा असेल तर, ‘अमेरिकन युटोपिया’, ब्रॉडवेवरच्या बर्नच्या कार्यक्रमाचा स्पाइक लीने केलेला २०२० चा सिनेमा. त्यात ‘बॉर्न अंडर पंचेस’ आहे, ‘वन्स इन अ लाइफटाइम’ही. तिथे एका जागी मांडलेला ड्रमसेटच नाही. त्याचे भाग अनेक वादकांनी अंगावर अडकवलेले आहेत आणि सगळे अनवाणी मंचभर फिरतात. आवाज कमी करून एकदा नुसतं बघा: स्नेअर कोणाकडे, खालचा मोठा ढोल कोणाकडे, आणि ‘दोन’ला कोणाचे हात हलतात. मग आवाज वाढवा.